रेल्वे अपघात: दोष चालकाचा की धोरणाचा?

१७ जून २०२४ रोजी सकाळी उत्तर बंगालमधील रंगापानी स्थानकाजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली. दहा जण मरण पावले. मृतांत मालगाडीचा चालक होता, तसाच एक्सप्रेसचा गार्डही होता. मोडलेल्या डब्यांतून जखमींना बाहेर काढण्याचे काम चालू होते, तोच रेल्वे बोर्डाच्या सर्वोच्च पदावरून जाहीर करण्यात आले की, मालगाडीच्या चालकाने सिग्नल न जुमानल्यामुळे हा अपघात घडला. चौकशी अजून सुरू व्हावयाची होती, साक्षी नोंदल्या जावयाच्या होत्या, पण निकाल मात्र लागून चुकला होता! आरोपी मृत असल्याने तो उलट जबाब देण्याचा प्रश्नच नव्हता.

वस्तुस्थिती काय होती? त्या टापूतील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासूनच नादुरुस्त होते. अशा वेळी स्टेशनमास्तर चालकाच्या हाती एक छापील परवाना देतो आणि त्या परवान्याच्या आधारे चालकाने लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे न्यावयाची असते. असा परवाना कांचनजंगाच्या चालकाला मिळाला होता आणि मालगाडीच्या चालकालाही मिळाला होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून पुढे जे बाहेर आले ते असे: दिलेला परवाना त्या परिस्थितीला लागू पडणारा नव्हता; गाडी किती वेगाने न्यावी याचा त्यावर उल्लेख नव्हता; त्या सकाळी त्याच मार्गाने गेलेल्या निरनिराळ्या गाड्यांच्या चालकांनी एकाच कागदाचा वेगवेगळा अर्थ लावला; आणि स्वयंचलित सिग्नलच्या टापूत गाड्या कशा चालवाव्यात याचे पुरेसे शिक्षण ना चालकांना देण्यात आले होते, ना स्टेशनमास्तरांना. हा अपघात केव्हा ना केव्हा घडणारच होता, असा आयुक्तांच्या निष्कर्षाचा आशय आहे. जो माणूस गाडी चालविता चालविता मेला त्याच्या नावावर तोवर देशभर कलंक लागून चुकला होता. तो लावण्याची जेवढी घाई झाली तेवढी पुसण्याची झाली नाही.

अपघात होताच सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवावयाचे, आणि तेही शक्य नसेल तर घातपाताची हाकाटी करावयाची, ही रेल्वेच्या वरिष्ठ नोकरशाहीची व राज्यकर्त्यांची रीतच होऊन बसली आहे. २० नोव्हेंबर २०१६ रोजी कानपूरजवळ पुखरायां येथे इंदूर-पाटणा एक्सप्रेसचे डबे घसरले व सुमारे दीडशे प्रवासी प्राणास मुकले. त्या वेळी परकीय कारस्थानाची कथा निवडणुकीच्या सभांतून सांगितली गेली. तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला, पण कारस्थान काही सिद्ध झाले नाही. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीने कित्येक वर्षांनी जे कारण दिले ते डब्याच्या यांत्रिक बिघाडाचे होते. तोपर्यंत सभा संपल्या होत्या, निवडणूक उरकली होती आणि अहवाल वाचण्यास कोणी थांबले नव्हते.

२ जून २०२३ ची ओडिशातील बहानगा बाजार स्थानकावरील दुर्घटना तर अलीकडच्या दोन दशकांतील सर्वांत भीषण होय. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला होता. परंतु सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. तेथे लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने निघालेली एक्सप्रेस तिच्यावर आदळली, आणि उधळलेले डबे शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या बंगळूर-हावडा गाडीच्या आड आले. २९० हून अधिक माणसे मरण पावली, हजाराहून अधिक जखमी झाली. सिग्नल एक सांगतो आणि सांधा दुसरेच करतो, असे होऊच नये यासाठीच तर आंतरबंधनाची सारी यंत्रणा उभारलेली असते. ती फसली कशी? सुरक्षा आयुक्तांच्या अहवालानुसार सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या फेरफारात दोष राहिला होता, तारांवरील चुकीच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, आणि त्या दिवशी फाटकाच्या यंत्राच्या बदलाचे काम करताना त्या दोषाचा स्फोट झाला.

या अहवालातील सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. दक्षिण पूर्व रेल्वेच्या त्याच खरगपूर विभागात बंकरानयाबाज स्थानकावर १६ मे २०२२ रोजी चुकीच्या जोडणीमुळे अशाच स्वरूपाचा प्रकार घडला होता. त्यानंतर वेळीच उपाय झाले असते तर बहानगाचा अपघात घडला नसता, असे आयुक्तांनी नमूद केले आहे. कर्नाटकातील होसदुर्गा रोड स्थानकावर ८ फेब्रुवारी २०२३ रोजी संपर्क क्रांती एक्सप्रेस अशाच चुकीच्या मार्गावर जाता जाता चालकाच्या सावधपणामुळे वाचली. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या एका उच्च अधिकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी लेखी इशारा दिला की, यंत्रणेत गंभीर दोष आहेत, ते दूर केले नाहीत तर मोठे अपघात होतील. बहानगा त्यानंतर चार महिन्यांच्या आत घडले. पुढे अटक झाली ती तीन कर्मचाऱ्यांना: दोघे सेक्शन इंजिनियरांच्या दर्जाचे व एक तंत्रज्ञ. त्यांच्या हातून चूक झाली असेल तर कायदा आपले काम करील. पण आलेला इशारा ज्यांच्या टेबलावर पडून राहिला त्यांची जबाबदारी कोणत्या कलमाखाली येते? नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. राजीनाम्याने रूळ दुरुस्त होत नाहीत हे खरे. परंतु जबाबदारी वरून खाली येते, खालून वर ढकलली जात नाही, एवढे तरी त्यातून मान्य होत असे.

बहानगा येथे मेले कोण हेही विसरता कामा नये. बंगाल, बिहार, ओडिशातून दक्षिणेकडील बांधकामांवर, कारखान्यांत व हॉटेलांत पोट भरण्यासाठी निघालेले मजूर साध्या, अनारक्षित डब्यांत दाटीवाटीने बसले होते. कित्येकांची नावे प्रवाशांच्या कोणत्याही यादीत नव्हती. भुवनेश्वरच्या इस्पितळात महिनोन्महिने ठेवलेल्या प्रेतांपैकी अठ्ठावीस प्रेतांवर कोणी हक्क सांगण्यास आले नाही. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने त्यांचे अंत्यसंस्कार केले. ज्या देशात माणूस कामाच्या शोधात हजार कोस जातो आणि त्याच्या मरणाची वार्ताही घरी पोहोचत नाही, त्या देशात रेल्वे सुरक्षिततेचा प्रश्न हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नसतो. तो वर्गीय प्रश्न असतो.

सुरक्षितता कशी वाढवावी हे ठाऊक नाही अशी सबब सरकारला सांगता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर शाहनवाज समिती (१९५४), कुंझरू समिती (१९६२), वांछू समिती (१९६८), सिक्री समिती (१९७८), न्यायमूर्ती खन्ना समिती (१९९८) आणि डॉ. अनिल काकोडकर समिती (२०११) अशी समित्यांची मालिकाच झाली. दर मोठ्या अपघातामागून समिती, समितीमागून अहवाल, आणि अहवालामागून कपाट! काकोडकर समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेला अहवाल तर नेमका आणि कठोर होता. सर्व फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत, १९ हजार किलोमीटरच्या प्रमुख मार्गांवर आधुनिक सिग्नल यंत्रणा बसवावी, जुन्या धाटणीच्या डब्यांऐवजी अपघातात एकमेकांवर न चढणारे डबे वापरावेत, आणि रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र असे वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण स्थापन करावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. खर्चाचा अंदाज पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपयांचा होता. दशकाहून अधिक काळ लोटला. काही शिफारशी अंशतः अमलात आल्या, पण स्वतंत्र प्राधिकरण झालेच नाही. गाड्या चालविणारा, गाड्या चालविण्याचे नियम करणारा आणि नियम मोडल्यास न्याय देणारा एकच असावा, ही व्यवस्था नोकरशाहीला सोयीची आहे. आजचे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असल्याने रेल्वेपासून वेगळे आहेत खरे. परंतु ते शिफारस करतात, आज्ञा देऊ शकत नाहीत.

समितीने मागितलेले एक लाख कोटी रुपये परवडत नाहीत असे सांगणाऱ्या राज्यकर्त्यांनी थोड्याच वर्षांत मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या एका मार्गावरील बुलेट ट्रेनसाठी एक लाख आठ हजार कोटींची योजना हाती घेतली, हा योगायोग नव्हे. साऱ्या देशातील रेल्वे सुरक्षित करण्यास जेवढा पैसा हवा होता तेवढाच दोन शहरांतील धनिकांचा वेळ वाचविण्यास उपलब्ध झाला. राज्य कोणाचे आहे, हे अंदाजपत्रकाच्या रकान्यांतून जेवढे स्पष्ट वाचता येते तेवढे भाषणांतून वाचता येत नाही.

२०१७-१८ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष म्हणून एक लाख कोटींचा निधी पाच वर्षांसाठी जाहीर झाला. त्याच वर्षापासून स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकही बंद करण्यात आले, म्हणजे रेल्वेच्या कारभारावर संसदेत स्वतंत्रपणे होणारी चर्चा गेली. निधीचे पुढे काय झाले हे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात सांगितले आहे. रेल्वेने आपल्या उत्पन्नातून दरवर्षी पाच हजार कोटी घालावयाचे होते. पहिल्या चार वर्षांच्या वीस हजार कोटींपैकी १५,७७५ कोटी घातलेच गेले नाहीत. रुळांच्या नूतनीकरणासाठी मिळणारी रक्कम घटत गेली. रुळांची तपासणी करणाऱ्या यंत्रगाड्यांच्या फेऱ्यांत ३० ते १०० टक्क्यांपर्यंत तूट आढळली. आणि सुरक्षिततेच्या नावाने ठेवलेल्या या पैशातून पाय चेपण्याची यंत्रे, चिनीमातीची भांडी आणि थंडीची जाकिटे खरेदी झाली! त्याच अहवालाप्रमाणे त्या चार वर्षांतील २१७ गंभीर अपघातांपैकी १६३ अपघात, म्हणजे चारांपैकी तीन, गाडी रुळांवरून घसरल्यामुळे झाले होते. रुळांचा पैसा पाय चेपण्याच्या यंत्रात गेल्यावर दुसरे काय होणार?

सरकारचे म्हणणे असे की, गंभीर अपघातांची संख्या २०१४-१५ मधील १३५ वरून २०२३-२४ मध्ये ४० वर आली आहे. हा आकडा नाकारण्याचे कारण नाही. ब्रॉडगेजवरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली, नवे डबे आले, रुळांतील भेगा शोधणारी ध्वनियंत्रे आली, त्याचा हा परिणाम आहे. पण यावरून काय सिद्ध होते? पैसा खर्चला, माणसे व यंत्रे लावली की जीव वाचतात, हेच सिद्ध होते. म्हणजे जेथे पैसा खर्चला गेला नाही तेथे गेलेले जीवही वाचविता आले असते. ज्या आकड्याचा सरकार बचावासाठी आधार घेते तोच आकडा त्याच्यावर आरोप ठेवतो.

शिवाय या आकड्यात कोण मोजले जाते आणि कोण मोजले जात नाही? गाडीची टक्कर झाली, डबे घसरले वा आग लागली तर तो अपघात. मुंबईच्या लोकलमधून कामगार पडून मेला तर ती 'अनुचित घटना', आणि रूळ ओलांडताना मेला तर तो 'अतिक्रमण करणारा'. काकोडकर समितीने दरवर्षी रुळांवर मरणाऱ्या सुमारे पंधरा हजार माणसांचा उल्लेख करून कोणताही सुसंस्कृत समाज हा संहार सहन करणार नाही अशा अर्थाचे कठोर शब्द वापरले होते. त्यांतील सुमारे सहा हजार मृत्यू एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचे होते. त्यानंतर मुंबईतील संख्या खाली आली, तरी २०२३ मध्येही अडीच हजारांहून अधिक माणसे तेथे मेली, म्हणजे दररोज सात. माणसांची जनावरांप्रमाणे वाहतूक केली जाते याची लाज वाटते, असे मुंबई उच्च न्यायालयाला जून २०२४ मध्ये म्हणावे लागले. वर्षही उलटले नाही तोच, ९ जून २०२५ रोजी, मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी दोन लोकल शेजारून जाताना खाली फेकले गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर तेवीस, १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर अठरा माणसे चेंगरून मेली. यांतील एकही मृत्यू 'गाडीच्या अपघातात' जमा नाही. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा स्थलांतरित मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. टाळेबंदीत काम गेले, गाड्या बंद. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेली ही माणसे थकून रुळांवर निजली होती. नियमाच्या भाषेत तेही अतिक्रमण करणारेच होते!

आणि रेल्वे कामगार? २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी ठार झाल्याचे काकोडकर समितीने नोंदविले आहे. ही संख्या त्या काळात गाड्यांच्या अपघातांत मेलेल्या प्रवाशांहूनही मोठी होती. भर उन्हात, धुक्यात, मुसळधार पावसात खांद्यावर हत्यारे घेऊन मैलोन्मैल रूळ तपासणारा गँगमन हा या देशातील सर्वांत धोक्याचे काम करणाऱ्यांपैकी एक आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी रात्री वसई रोड व नायगावच्या दरम्यान बिघडलेला सिग्नल दुरुस्त करण्यास गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून मेले. सिग्नल दुरुस्त झाला नाही तर गाड्यांना उशीर होतो म्हणून त्यांना तत्काळ जावे लागते. पण गाडी येत असल्याची खबर त्यांना देणारी भरवशाची व्यवस्था मात्र सर्वत्र नाही.

सुरक्षिततेचा खरा आधार माणूस आहे, आणि तोच कमी करण्यात येत आहे. १९९०-९१ मध्ये रेल्वेत सुमारे साडेसोळा लाख कर्मचारी होते. आज ते सुमारे बारा लाखांवर आले आहेत. या काळात मार्गांची लांबी, गाड्यांची संख्या आणि मालवाहतूक मात्र वाढतच गेली. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार जून २०२३ मध्ये २.७४ लाख जागा रिक्त होत्या, त्यांपैकी १.७ लाखांहून अधिक सुरक्षिततेशी संबंधित होत्या. सहाय्यक लोको पायलटांच्या ५,६९६ जागांची भरती जानेवारी २०२४ मध्ये निघाली होती. रंगापानीच्या अपघातानंतर काही दिवसांतच ती संख्या १८,७९९ करण्यात आली. तेरा हजार माणसांची उणीव अपघाताच्या दिवशी निर्माण झाली नव्हती. ती आधीपासून ठाऊक होती. ती मान्य करण्यास मात्र दहा प्रेते लागली.

माणसे कमी म्हणजे उरलेल्यांच्या पाळ्या लांब. इंजिनचालकांच्या कामाच्या तासांचा लढा जुना आहे. ऑगस्ट १९७३ च्या लोको कर्मचाऱ्यांच्या संपानंतर सरकारने दहा तासांच्या पाळीचे आश्वासन दिले. ८ मे १९७४ पासून वीस दिवस चाललेल्या ऐतिहासिक रेल्वे संपातही कामाच्या तासांची मागणी अग्रभागी होती; त्या संपाला उत्तर मिळाले ते हजारोंच्या अटकेचे, बडतर्फीचे आणि कुटुंबांना वसाहतींतून हुसकावण्याचे. अर्धशतक उलटले, तरी चालक आजही तीच मागणी करीत आहेत: पाळी दहा तासांहून अधिक नको, लागोपाठ दोनहून अधिक रात्रींची पाळी नको, आठवड्याची विश्रांती रोजच्या विश्रांतीसह ४६ तासांची हवी. दक्षिण रेल्वेतील चालकांनी जून २०२४ मध्ये या विश्रांतीच्या हक्कासाठी आंदोलन केले, तेव्हा त्यांना शिस्तभंगाच्या कारवाईला तोंड द्यावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने कळविले की, चालकांना जेवणासाठी व नैसर्गिक विधीसाठी ठरावीक वेळ देणे वाहतुकीच्या दृष्टीने व्यवहार्य नाही. ज्याच्या एका डुलकीवर हजार माणसांचा जीव अवलंबून आहे त्याला निजू द्यावयाचे नाही, जेवू द्यावयाचे नाही, आणि अपघात झाला की त्याला डुलकी का लागली म्हणून विचारावयाचे, हा या व्यवस्थेचा न्याय होय.

रूळ दुरुस्तीची कथा याहून निराळी नाही. दुरुस्तीसाठी मार्ग काही काळ बंद ठेवावा लागतो. पण मार्ग बंद म्हणजे वाहतूक बंद, वाहतूक बंद म्हणजे उत्पन्न बंद. म्हणून दुरुस्तीला वेळ नाकारला जातो. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौली येथे दुरुस्ती चालू असलेल्या रुळांवरून उत्कल एक्सप्रेस ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने आली आणि वीसहून अधिक प्रवासी मेले. दुरुस्तीसाठी मागितलेला वेळ त्या कामगारांना मिळाला नव्हता.

हल्ली प्रत्येक प्रश्नाला 'कवच' हे उत्तर दिले जाते. चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर आपोआप ब्रेक लावणारी ही देशी यंत्रणा उपयुक्त आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. टक्कर टाळणाऱ्या देशी यंत्राची सुरुवात, १९९९ च्या गैसल येथील भीषण टकरीनंतर, कोकण रेल्वेच्या अभियंत्यांनी केली होती. सार्वजनिक क्षेत्रातील बुद्धी काय करू शकते याचा तो पुरावा होता. परंतु ते काम वर्षानुवर्षे रखडले. नव्या यंत्रणेच्या चाचण्या २०१६ मध्ये सुरू झाल्या, २०२० मध्ये तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली, आणि रंगापानीच्या वेळी, २०२४ च्या मध्यावर, सुमारे ६८ हजार किलोमीटरपैकी १,४६५ किलोमीटरवर ती बसलेली होती. त्यानंतर गती थोडी वाढली, तरी बहुतांश जाळे अद्याप तिच्याविना आहे. शिवाय बहानगा येथे सिग्नलच खोटे बोलत होता. तेथे हे यंत्र असते तरी अपघात टळला नसता, असे रेल्वेच्याच अधिकाऱ्यांनी सांगितले. यंत्र बसविणारा, जोडणारा आणि तपासणारा शेवटी कामगारच असतो. तो कमी केला, कंत्राटी केला, थकविला, तर यंत्रही तेवढ्याच लायकीचे राहते.

योग्य धोरणाने काय साधते याचे उदाहरणही कोकण रेल्वेतच आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे सुमारे पन्नास आणि पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेसच्या अपघातात आणखी प्रवासी मेले. त्यानंतर दरडींवर जाळ्या बसल्या, उतार कापून सौम्य करण्यात आले, पावसाळ्यासाठी कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक आले आणि रात्रंदिवस गस्त घालणारी माणसे उभी राहिली. सह्याद्री तोच आहे, पाऊसही तोच आहे. पण तशी प्राणहानी दरडींमुळे पुन्हा झालेली नाही.

खाजगीकरणाने कार्यक्षमता व सुरक्षितता येईल असे सांगणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथे नव्वदीच्या दशकात रूळ एका खाजगी कंपनीला आणि गाड्या इतर कंपन्यांना देण्यात आल्या. भागधारकांना नफा वाटणाऱ्या रेलट्रॅक कंपनीने भेगा पडलेले रूळ वेळेवर बदलले नाहीत. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे रूळ तुटून गाडी घसरली, चार प्रवासी मेले, आणि वर्षभरात कंपनीचे दिवाळे वाजले. रूळ सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात परत आले, आणि २०२४ च्या कायद्याने प्रवासी गाड्याही टप्प्याटप्प्याने परत येत आहेत. ग्रीसमध्ये कर्जवसुलीच्या दडपणाखाली रेल्वेचे तुकडे पाडून गाड्या चालविणारी कंपनी २०१७ मध्ये परदेशी हातांत गेली, कर्मचारी घटले, सिग्नल सुधारणेचे काम अपुरे राहिले. कामगार संघटना इशारे देत होत्या. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री टेंपी येथे एकाच रुळावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांच्या टकरीत ५७ माणसे मेली. तेथेही प्रथम अटक झाली ती स्टेशनमास्तरला! परंतु ग्रीसच्या जनतेने ते उत्तर मान्य केले नाही. लाखो लोक रस्त्यावर उतरले, सार्वत्रिक संप झाले. जगाने टाकून दिलेल्या याच मार्गावर, २०२१ च्या मालमत्ता विक्रीच्या योजनेत स्थानके, गाड्या व मार्ग मिळून दीड लाख कोटींची रेल्वेची मालमत्ता खाजगी हातांत देण्याचा इरादा आपल्या सरकारने जाहीर केला.

दररोज सुमारे दोन कोटी माणसे ज्या रेल्वेने जातात ती जनतेची मालमत्ता आहे व जनतेची राहिली पाहिजे. सुरक्षिततेशी संबंधित सर्व रिक्त जागा मुदत ठरवून कायम कर्मचाऱ्यांनी भरल्या पाहिजेत आणि या कामांतील कंत्राटी पद्धत बंद झाली पाहिजे. चालकांच्या पाळीचे तास, विश्रांती, जेवण व स्वच्छतागृहाची सोय हे कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे. रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र असे वैधानिक सुरक्षा प्राधिकरण, ज्यात कामगारांचे व प्रवाशांचे प्रतिनिधी असतील, स्थापन झाले पाहिजे. सुरक्षा आयुक्तांचे प्रत्येक अहवाल संसदेपुढे ठेवून त्यांवर काय कारवाई झाली याचा हिशेब दरवर्षी दिला पाहिजे. संरक्षा कोषातील पैसा अन्यत्र वळविण्यास बंदी हवी. धोक्याचा इशारा देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण हवे, आणि तो दडपणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा हवी. उपनगरी मार्गांवर गाड्या, पूल व फलाट वाढविणे हा सुरक्षिततेचाच भाग मानला गेला पाहिजे.

या मागण्या नव्या नाहीत. मग त्या पदरात का पडत नाहीत? याचे उत्तर शोधताना रेल्वे कामगार चळवळीने स्वतःकडेही कठोरपणे पाहावयास हवे. चालक, गार्ड, स्टेशनमास्तर, सिग्नल कर्मचारी, गँगमन अशा वेगवेगळ्या श्रेणींच्या संघटना पुष्कळदा आपापल्या भत्त्यांपुरत्या लढल्या. कंत्राटी कामगार बहुधा संघटनेबाहेरच राहिला. प्रवाशांच्या मनात 'रेल्वेवाले' म्हणजे परके, अशी भावना वाढू देण्यात आली, आणि तिचाच लाभ घेऊन राज्यकर्ते प्रत्येक अपघातानंतर प्रवाशाचा रोष कामगारावर वळवितात. कामाच्या तासांची मागणी ही पगारवाढीची मागणी नसून डब्यात बसलेल्या प्रत्येक माणसाच्या जिवाची मागणी आहे, हे प्रवाशाला पटवून देण्याचे काम अपुरे राहिले आहे. कामगारानेही नियमपालनात हयगय होऊ देता कामा नये. कारण त्याची प्रत्येक चूक वरच्यांच्या गुन्ह्याला पांघरूण घालते.

हे काम दिल्लीच्या कचेरीतून होणारे नाही. ते भुसावळ, इटारसी, नागपूर, सोलापूर, सिकंदराबाद, बडोदे आणि कल्याण येथील वसाहतींत, चालकांच्या विश्रांतिगृहांत, लोकलच्या फलाटांवर आणि परप्रांतीय मजुरांच्या वस्त्यांत करावयाचे आहे. जेथे जेथे पक्षाचा सभासद आहे तेथे त्याने जवळच्या स्थानकाची, फाटकाची, पुलाची व रुळांची स्थिती काय, कोणत्या जागा रिक्त आहेत, गँगमनला किती मैलांचा रूळ एकट्याने पाहावा लागतो याची माहिती जमवावी, ती प्रवाशांपुढे मांडावी आणि रेल्वे कामगार व प्रवासी यांची संयुक्त सभा बोलवावी. पुढचा अपघात झाल्यावर शोक व्यक्त करण्यास सारेच पुढे येतील. तो होण्यापूर्वी प्रश्न विचारण्याचे काम संघटित कामगारवर्गाचे आहे, आणि त्या कामात पक्षाने एक दिवसही दवडता कामा नये.